सोडवलेल्याची कुरकुर

त्या दोघा सुतार भावांचं भांडण ऐकलं नाही असा माणूस त्या रस्त्यावर शोधून सापडला नसता. कोपऱ्यावर दुकान, दार सताड उघडं, आत रंधा चालू आणि रंध्याच्या वरताण दोन तोंडं चालू. खुर्चीची पाठ किती कलती ठेवायची यावर भांडण, लाकूड चिकटवायचा सरस पातळ झालाय की घट्ट यावर भांडण, चहात साखर कोणी ओतली यावर तर रोजच्या रोज. नवं गिऱ्हाईक घाबरून दारातूनच परत फिरायचं. जुनं मात्र खुशाल स्टूल ओढून बसायचं, कारण त्याला अनुभव होता. हे दोघे ज्या वस्तूवरून कडाकडा भांडले, ती वस्तू मालकाच्या नातवंडांपर्यंत टिकायची. आणि ज्या दिवशी दुकान शांत, त्या दिवशी समजायचं की दोघांतला एक जण बाहेर गेलाय.

थोरला दणकट. करवत धरावी तर त्यानेच. पण घाई जिवाची, आणि मोजमापाचा भारी कंटाळा. डोळा बारीक करून अंदाज घ्यायचा आणि "बसतंय, बसतंय" म्हणून मोकळा व्हायचा. धाकटा अंगाने काटकुळा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एकच फळी पुन्हा पुन्हा मोजणारा. कोरीवकामाला बसला की शेजारी आग लागली तरी त्याला पत्ता नाही. थोरला म्हणायचा, "असं करू." धाकटा म्हणायचा, "कर, म्हणजे पुढच्या आठवड्यात मोडून परत येईल." मग आवाज चढायचे, पेन्सिली आपटायच्या, एकमेकांची अक्कल निघायची आणि या सगळ्या गदारोळात कुठेतरी वस्तूचं खरं माप सापडायचं. संध्याकाळी दोघे एकाच सायकलवरून, एक पुढे एक मागे, घरी जायचे. वाटेतही तोंड बंद नाही, ते सोडा.

मग धाकटा आजारी पडला. पाय सुजले, चेहरा राखेसारखा झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. काही महिने तो हॉस्पिटलच्या यंत्राला जोडून घेऊन जगला. थोरल्याने तपासण्या करून घेतल्या, जुळलं, आणि तो डॉक्टरांना म्हणाला, "मग त्यात विचार काय करायचा? दोन आहेत, एक काढून द्या." जसं काही कोणी त्याच्याकडे खिळा मागितला होता.

बोलायला शूर, पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याची पाचावर धारण बसली. खाटेवर हिरवा झगा घालून पडल्या पडल्या त्याला लहानपणी ऐकलेली ती गोष्ट आठवली. बाप मुलाला घेऊन डोंगरावर निघालाय, देवाला अर्पण करायला. जळणाचं लाकूड त्या मुलाच्याच पाठीवर. मुलगा विचारतो, बाबा, लाकूड आहे, विस्तव आहे, पण कोकरू कुठे आहे? लाकडाचा भार सुताराला लगेच समजतो, म्हणून ही गोष्ट थोरल्याच्या नेहमी अंगावर यायची. शेवटी झुडपात शिंगं अडकलेला मेंढा दिसतो आणि मुलाच्या जागी मेंढा जातो. त्याने बायकोचा हात धरला आणि म्हणाला, "कळलं का, या गोष्टीतला मेंढा मी."

"मेंढा तर तुम्ही आहातच," बायको म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

ऑपरेशन छान झालं. दोघेही बरे झाले. धाकट्याच्या गालावर रंग आला, तो जेवायला लागला, चालायला लागला. औषधाच्या गोळ्या तेवढ्या जन्माच्या मागे लागल्या. दोघे पहिल्यांदा चर्चला आले त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाच्या मधेच थोरल्याला उभं केलं. "बलिदान या शब्दाचा अर्थ पाहायचा असेल," ते म्हणाले, "तर या माणसाकडे पाहा. यांनी आपलं शरीर दिलं आणि भावाला मरणातून सोडवून आणलं." सगळ्या बाकांवरच्या माना वळल्या. चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या आजींनी रुमाल काढला. थोरल्याची छाती फुगली, खोटं कशाला बोला. धाकटा शेजारीच बसला होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता.

इथूनच सगळं बिनसलं.

दुकान पुन्हा सुरू झालं आणि धाकटा थोरल्याच्या प्रत्येक शब्दाला "हो दादा" म्हणायला लागला. आधी वाटलं, अशक्तपणा असेल. पण अंगात ताकद आली तरी तेच. "हे असं ठेवू?" "ठेव दादा." "आज अक्रोडाचं लाकूड घेऊ?" "तू म्हणशील तसं." चहा तोच करायचा आणि थोरल्याला हवा तसा, साखर ओतून. थोरला उभा दिसला की स्टूल घेऊन धावायचा. पिशवी हातातून काढून घ्यायचा. सायकल आता एकटा थोरला चालवायचा आणि धाकटा मागून पायी यायचा, म्हणे चालणं तब्येतीला बरं.

थोरल्याला पहिल्या पहिल्यांदा हे फार गोड लागलं. इतकी वर्षं ज्याने एक शब्द धड पुरा करू दिला नव्हता, तो आता शब्द खाली पडू देत नव्हता. आणि एक खोड त्याला नकळत लागली. कधी धाकट्याच्या कपाळावर आठी दिसली, ओठ हलले, आता हा काही बोलणार असं वाटलं, की थोरल्याचा हात आपसूक कमरेच्या त्या व्रणावर जायचा. दुखत नव्हतं काही. नुसता हात जायचा. धाकट्याचे ओठ तिथल्या तिथे मिटायचे.

हळूहळू दुकानात इतकी शांतता झाली की थोरल्याला स्वतःच्या रंध्याचा आवाज टोचायला लागला. जुनी गिऱ्हाइकं डोकावून म्हणायची, "आज भांडण नाही? मग उद्या येतो." आणि काम बिघडायला लागलं हो. एका बाईंच्या कपाटाचं दार बंदच होईना. एका वकिलाचं टेबल डुलायला लागलं, त्याने पायाखाली वर्तमानपत्राची घडी घातली आणि वर येऊन टोमणाही मारला. थोरला अंदाजाने कापत होता आणि त्याला अडवणारं कोणी नव्हतं. रात्रंदिवस नव्हे, पण दिवसभर तरी त्याच्या मनात एकच यायचं. भाऊ वाचला खरा, पण तो गेला कुठे?

याच सुमारास चर्चने नवं मेज सांगितलं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस ज्यावर ठेवतात ते. जुनं लाकूडकिड्यांनी पोखरलं होतं. थोरला धाकट्याला घेऊन माप घ्यायला गेला, चर्चचा रस्त्याकडचा दरवाजा बघितला, चांगला दोन झडपांचा, म्हणाला, "बसतंय." त्या दरवाजाच्या आत एक छोटी पडवी, तिच्यात एक बाक, आणि पुढे दुसरं दार होतं. रस्त्याचा आवाज उपासनेत येऊ नये म्हणून मागाहून बसवलेलं, अरुंद. त्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. धाकट्याचं कोपर मात्र त्याच दाराला आपटलं. तो तिथे थांबला, बोटांनी वीत टाकली, तोंड उघडलं.

"काय रे?" थोरल्याने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"काही नाही दादा."

मेज मात्र देखणं झालं, नावं ठेवायला जागा नाही. खाली तिन्ही बाजूंनी बंद, पेटीसारखं भक्कम. वर जाड फळी, खालच्या पेटीपेक्षा रुंद, आणि तिच्या पुढच्या कडेवर धाकट्याने कोरलेला द्राक्षवेल. पानांच्या शिरा दिसाव्यात इतका बारीक. थोरल्याने बजावलं होतं, "सगळं सरसाने पक्कं कर. एकसंध हवं. चर्चचं आहे, शंभर वर्षं हलता कामा नये." आणि पॉलिशच्या मागे लागला. आतलं काम धाकट्यानेच केलं, मूग गिळून, दुकानाच्या कोपऱ्यात वाकून.

मेज पोचवायच्या आठवड्यात एक दिवस थोरल्याच्या बायकोने जेवताना सांगितलं. "धाकटी जाऊ सांगत होती. भाऊजी दुकान सोडतायत."

थोरल्याचा घास हातातच राहिला.

"दुसऱ्या गावी खिडक्यांच्या चौकटींचा कारखाना आहे म्हणे. तिथे जागा मिळालीय. एवढं मेज पोचलं की निघणार. तुम्हाला सांगायची हिंमत होत नाहीये त्यांना."

"पण का? मी त्याला काय कमी केलं?"

"कमी कुठे केलंत?" ती म्हणाली. "जास्त केलंत. तेच नडतंय. घरात बसून रडतात म्हणे ते. म्हणतात, दादासमोर मोकळा श्वास घेता येत नाही."

थोरला जेवणावरून उठला. रागावला, मग घाबरला, मग नुसताच खिडकीत उभा राहिला. ज्याला मरणाच्या दारातून ओढून आणला तो आपणहून चालला होता, आणि तोही त्याच्याच भीतीने. याहून वाईट काय असणार?

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत पवित्र शास्त्राचा वर्ग भरायचा. घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात शिट्टी वाजवणारी किटली, खुंट्यांवर कोट. पाळकसाहेब पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे देवाचं बोलतानाही हात खडू शोधायचा. त्या दिवशी विषय होता मिसर देशातल्या गुलामीतून सुटका. गुलाम माणसं, प्रत्येक घरी मारलेलं कोकरू, त्याचं रक्त दाराच्या चौकटीवर, आणि मृत्यू त्या दारावरून पुढे निघून जातो. पाळकसाहेब सांगत होते की ख्रिस्ताच्या शिष्यांनी पुढे त्याच्या मरणाबद्दल बोलताना हेच शब्द उचलले. कोकरू. खंडणी. सोडवणूक.

चौकट म्हटल्यावर थोरल्याचे कान टवकारले. नेहमी तो मागे बसून डुलक्या घ्यायचा. आज त्याने हात वर केला.

"पाळकसाहेब, एक विचारू? ती माणसं सुटली. मग पुढे वागली कशी?"

पाळकसाहेब उत्तर देणार तेवढ्यात ऑर्गनवाल्या आजी खो खो हसल्या. "वागतात कशी? कुरकुर! समुद्र ओलांडून अंग वाळलं नाही तोवर सुरू. पाणी कडू आहे, खायला मांस नाही, तिकडे काकड्या होत्या, कांदे होते, लसूण होता!"

"इतकं सगळं त्यांच्यासाठी केलं, आणि कांद्यासाठी रडले?"

"रडले," पाळकसाहेब म्हणाले. "देव रागावलाही, मी काही लपवत नाही. शिक्षाही झाली. पण त्यांना परत मिसरच्या राजाच्या दारात नेऊन सोडलं नाही. उलट रोज सकाळी खायला घातलं. मला विचाराल तर मालकाच्या तोंडावर गुलाम कुरकुर करत नाही, त्याची प्राज्ञा नसते. कुरकुर घरचा माणूस करतो. ज्याला हे घर आपलं वाटतं तो."

थोरला खुर्चीत पुढे सरकला. मग जरा अडखळत म्हणाला, "पण उपकार? ख्रिस्ताने आपल्यासाठी जीव दिला. मग आपण जन्मभर वाकूनच राहायला हवं ना?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "उपकार मानायचे, हो. मानल्याशिवाय राहवतही नाही. पण त्याच्या बाजूने बघा. ज्यांच्यासाठी मरायला निघाला त्यांना शेवटच्या जेवणाला तो म्हणाला, तुम्ही माझे चाकर नाही, मित्र आहात. ते मित्र तरी कसे? ऐन वेळी पळून गेलेले. पुन्हा उठून त्यांच्यासमोर आला तेव्हा हातावरच्या जखमा दाखवल्या, पण त्या ओळख पटावी म्हणून. आधी 'शांती असो' म्हणाला. 'बघा तुमच्यापायी माझं काय झालं' असं एका अक्षराने नाही."

थोरल्याचा हात कमरेवर होता. तो त्याने उचलला आणि कुठे ठेवावा ते कळेना म्हणून कोटाच्या खिशात घातला.

"जुने याजक, म्हणजे मंदिरातले पुजारी, रोज उभे राहून तेच बलिदान पुन्हा पुन्हा करायचे," पाळकसाहेब पुढे म्हणाले. "ख्रिस्ताने एकदाच केलं आणि तो बसला. काम झालं. त्या मेजावर आपण आठवण करतो ती आपल्या मनाने करतो, तो तगादा लावत नाही." मग ते थांबले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "त्या रविवारी मी तुम्हाला उभं केलं, ते चुकलं माझं. तुम्ही चांगलंच केलंत. पण त्या जागी माणसाला उभं करू नये. ती जागा भरलेली आहे."

थोरला त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी गेला. इतके दिवस त्याला वाटत होतं की बलिदान म्हणजे देणं, आणि ते आपल्याला जमलं. देणं सोपंच होतं की! झोपवून घेतलं, काढून घेतलं. अवघड पुढचं होतं. देऊन हात मोकळा करायचा, तेवढं त्याला जमलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने घसा खाकरला. "हे बघ, मी काय म्हणतो. तू मला जरा नाही म्हणत जा."

"बरं दादा," धाकटा म्हणाला.

"बरं नव्हे रे! नाही म्हण!"

"तू म्हणतोस तर म्हणतो."

थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला आणि पॉलिशचा बोळा उचलला.

शनिवारी मेज निघालं. चर्चची चार धडधाकट माणसं टेम्पो घेऊन आली. रविवारी प्रभुभोजन होतं, मेजाचं समर्पण होतं, बायकांनी नवा पांढरा कपडा शिवून आणला होता. रस्त्याकडचा दरवाजा मेजाने ऐटीत ओलांडला. आणि आतल्या दाराशी घोडं अडलं. फळी दारापेक्षा चांगली चार बोटं रुंद. आडवं केलं, तर उंची आड आली. उभं केलं, तर आढ्याला टेकलं. मागे न्यावं तर मागे बायका, ऑर्गनवाल्या आजी, पाळकसाहेब आणि उपदेशांचा पाऊस. कोणी म्हणालं तिरकं करा, कोणी म्हणालं दाराला तेल लावा. तेल कशाला, ते त्यालाच ठाऊक.

चौघांनी मेज खाली ठेवलं आणि घाम पुसायला बाहेर गेले. थोरल्याने दाराकडे बघितलं, मेजाकडे बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं. धाकट्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला माहीत होतं," थोरला म्हणाला.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

धाकट्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "कसं बोलू? तोंड उघडतो आणि वाटतं, ज्याच्यामुळे जिवंत आहे त्यालाच उलटून बोलतोय. लोक मला भेटतात, तब्येत विचारतात आणि तुझं कौतुक करून जातात. मी माणूस कुठे राहिलोय, दादा? मी तुझं सर्टिफिकेट झालोय. चालतं-फिरतं." "मी चाललोय इथून. सांगणार होतो."

"माहीत आहे मला."

पाळकसाहेबांनी बायकांना खुणेने मागे सरकवलं. आजी काही हलल्या नाहीत.

"ऐक," थोरला म्हणाला. बोलणं त्याचं काम नव्हतं, त्याचे शब्द धडपडत होते. "ती किडनी माझी नाही. तुझी आहे. दिली म्हणजे दिली. मी मात्र रोज सकाळी दुकान उघडलं की तुला ती पुन्हा देत होतो, आणि तू बिचारा रोज पुन्हा घेत होतास. कमरेवर हात ठेवून तुझं तोंड बंद करत होतो. मला कळलं नाही असं नाही, मला बरं वाटायचं. चुकलं माझं, छोट्या. तुला जायचं तर जा. पण माझ्या उपकाराखाली दबून जाऊ नकोस. मोकळा होऊन जा."

धाकट्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. भिंतीकडे बघत राहिला. थोरल्याला वाटलं होतं आता गळाभेट होईल, निदान डोळे तरी भरतील. काहीच होईना. तेव्हा ओशाळलेला माणूस जे करतो ते त्याने केलं. कामाला लागला. हत्यारांच्या पेटीतून करवत काढली, फळीच्या पुढच्या कडेवर नजरेनेच अंदाज घेतला आणि म्हणाला, "चार बोटांचाच प्रश्न आहे. उडवतो पुढची कड."

पुढच्या कडेवर द्राक्षवेल होता.

"दादा," धाकटा म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

थोरल्याने करवत टेकवली आणि एकदा ओढली. पॉलिशवर पांढरा ओरखडा उमटला.

"ए! अरे ए! काढ ती करवत! काढ म्हणतो ना!" धाकट्याचा आवाज चर्चच्या आढ्याला जाऊन आपटला. त्याने थोरल्याच्या हातातून करवत हिसकावून घेतली. "डोळे फुटले का तुझे? महिनाभर मान मोडून कोरलंय मी ते! चार बोटं म्हणे! आयुष्यात कधी टेप हातात धरायचा नाही, नुसतं 'बसतंय बसतंय'! त्या बाईंचं कपाट बसलं का? वकिलाचं टेबल बसलं का? मेला तो वकील वर्तमानपत्राच्या घडीवर काम करतोय! आणि तुझा चहा, दादा, तो चहा नाही, साखरेचं पाणी आहे, वर्षभर पितोय मी ते, मला उलटी येते!"

बाहेर गेलेली चार माणसं धावत आत आली. बायका तोंडावर हात ठेवून उभ्या. ऑर्गनवाल्या आजींनी पाळकसाहेबांना कोपराने ढोसलं. "कुरकुर सुरू झाली हो," त्या कुजबुजल्या.

"देवाची स्तुती असो," पाळकसाहेब म्हणाले आणि हसू दाबायला पाठ फिरवून उभे राहिले.

थोरला फळीसारखा उभा होता. चेहरा मात्र असा उजळला होता की बघणाऱ्याला वाटावं, याला शिव्या नाहीत, बक्षीस मिळतंय. "मग आता काय करायचं?" त्याने हळूच विचारलं.

"वरची फळी काढायची आणि दोन भाग वेगवेगळे आत न्यायचे. दुसरं काय?"

"निघेल कशी? सरसाने पक्की केलीय ना."

धाकटा पेटीत वाकून बघायला लागला. कान लाल झाले. "नाही केली. आतून स्क्रू लावलेत. मला ठाऊक होतं ती इथे अडकणार."

"मी तुला सरस लाव म्हणालो होतो."

"म्हणाला होतास. चूक म्हणाला होतास."

"पुन्हा म्हण."

"चूक! साफ चूक! लहानपणापासून चूक!"

थोरल्याला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू फुटलं, आणि दोन्ही एकदम आवरेना. बाकाच्या कडेला टेकून तो मोठ्या माणसाला शोभणार नाही असा हुंदके देत हसत राहिला. म्हणजे हा गेलाच नव्हता. इतके दिवस तोंडाने हो म्हणत होता आणि आत, अंधारात, वाकून, एकेका स्क्रूने नाही म्हणत होता.

धाकटा मेजाच्या पेटीत डोकं घालून स्क्रू काढायला लागला होता. आतून त्याचा आवाज घुमला. "त्या कारखान्यात सगळ्या चौकटी एकाच मापाच्या असतात म्हणे. यंत्र कापतं. भांडायचं कोणाशी तिथे? कळवतो त्यांना, येत नाही म्हणून. पण सांगून ठेवतोय, उद्यापासून चहा मी करणार, माझ्या पद्धतीने. नाही आवडला तर पिऊ नकोस."

"नाही आवडणार," थोरला डोळे पुसत म्हणाला.

"नाही आवडला तर नाही!"

फळी सुटली. धाकटा बाहेर आला, केसांत भुसा, गालाला पॉलिश, आणि त्याने फळीचं एक टोक धरलं. चर्चचा एक माणूस लगबगीने पुढे झाला. "यांना राहू द्या हो," तो थोरल्याकडे बोट करून म्हणाला, "एवढा त्याग केलेला माणूस, त्यांना कशाला जड उचलायला लावता? मी धरतो."

"तुम्ही बाजूला व्हा," धाकटा म्हणाला. मग बाकाला टेकलेल्या भावाकडे वळून त्याने आवाज चढवला. "रडायचं ते घरी जाऊन रड. किडनी दिलीस, हात नाही दिलेस. चल, उचल!"

थोरल्याने निमूटपणे उचललं.